माऊलीची रानसुरी

राजूरच्या माऊलीला काळजी करायला कारण लागत नाही. नसलं तर तो ते हुडकून आणतो. गाडीला किक मारून भोकरदनला निघाला की अर्ध्या वाटेतून माघारी फिरतो, भट्टीचा पंखा बंद केला होता का ते बघायला. आणि पंखा बंदच असतो. लेकीला शाळेतून यायला जरा इकडंतिकडं झालं की हा रस्त्यावर उभा. बायको वंदना म्हणते, ह्यांच्या जिवाला घोर नाही असा दिवस मी लग्नापासून बघितला नाही. आता असल्या माणसानं धारेच्या वस्तू करायचा धंदा काढावा, याला काय म्हणावं? पण काढला खरा.

घराणं शेतकऱ्याचं. लोहारकी काही वाडवडिलांकडून आलेली नव्हती. जवान असताना तो जालन्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि त्याची उमेदीची वर्षं तिथल्या भट्टीवर गेली. लाल झालेलं पोलाद तेलात बुडवायचं आणि लगोलग दुसऱ्या, बेताच्या आचेच्या भट्टीत ठेवायचं, एवढंच काम. तेलात बुडवलेलं पोलाद कडक होतं, पण तेवढंच ठिसूळ. दुसरी आच मिळाली की त्याचा ताठा उतरतो आणि ते मार खायला तयार होतं. गावाकडं विळ्याला पाणी पाजतात ते हेच, फक्त कारखान्यात त्याला घड्याळ आणि काटा असतो. पुढं कारखाना बसला, माऊली गावी आला आणि भोकरदन रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून विळे, खुरपी, कुऱ्हाडी करू लागला.

शेडवर धार लावायला येणाऱ्या वस्तू बघून बघून त्याचं डोकं उठायचं. रानात न्यायला माणसांकडं धड सुरी नाही. घरातली भाजी चिरायची सुरी न्यायची, दोन फांद्या तोडल्या की प्लास्टिकची मूठ हातात आणि पातं भुईवर. मग ते सुतळीनं बांधायचं. जत्रेतला घडीचा चाकू घ्यावा तर सांध्यात माती बसते, आणि नको तेव्हा तो बोटावर मिटतो. मोबाईलवर चांगल्या सुऱ्या दिसतात, पण त्यांची किंमत अशी की घेणारा ती कपाटात कुलपात ठेवील, शेळ्यांमागं नेणार नाही. माऊलीच्या मनानं घेतलं की खुरप्याच्या भावात पडेल अशी एक बिनघडीची, दणकट सुरी करायची.

झालं, त्या दिवसापासून घरात जिकडंतिकडं पुठ्ठ्याच्या सुऱ्या. पुठ्ठ्याच्या झाल्या की लाकडाच्या. जो येईल त्याच्या हातात द्यायची आणि धरून बघा म्हणायचं. बायांच्या हातात तर मुद्दाम द्यायचा, कारण झाडपाला तोडायचं काम त्याच जास्त करतात आणि बाजारातली मूठ त्यांच्या हाताला जाड होते. पातं किती लांब असावं यावर त्यानं स्वतःचंच डोकं खाऊन घेतलं. लांब केलं तर पोलीस विचारतील, आखूड केलं तर फांदी तुटणार नाही. शेवटी चार बोटं आणि वर थोडं, असं ठरलं. पाठ जाड ठेवली, म्हणजे पातं फांदीवर टेकवून वरून दगड हाणता यावा. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध, दोन्ही अंगांना बाभळीच्या चिपा आणि आरपार रिबिटी. पोलाद ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं. म्यान म्हणाल तर शेतातल्या पाइपलाइनच्या पाइपाचा तुकडा, तापवून चपटा केलेला. कातड्याच्या म्यानाला सुरीपेक्षा जास्त खर्च आला असता.

राजूरच्या पेठेत गौतमचंदशेठचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. मारवाडातून कधीकाळी येऊन इथंच रुजलेलं जैन घर. गल्ल्यावर आता मुलगा श्रेयांस बसतो. त्याला सुरी बघताक्षणी आवडली, रानसुरी हे नावही त्यानंच ठेवलं. म्हातारे शेठ मात्र ती हातात घेईनात. जन्मभर खुरपं विकलं, कुऱ्हाड विकली, पण जिचं टोक माणसाच्या पोटात जाईल अशी वस्तू या दुकानात विकायची नाही, असं त्यांचं म्हणणं. माऊलीचं तोंड उतरलं. घरी येऊन त्यानं टोक खाली वळवून बोथट केलं, आणि बघतो तर काम उलट सोपं झालं. ठिबकची नळी कापताना, गुरांच्या दाव्याची गाठ सोडवताना टोचायची भीतीच गेली. शेठनी नवी सुरी उलटीपालटी करून बघितली आणि मान हलवली. मग श्रेयांसला घाई सुटली. दसऱ्यानंतरच्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीला माणूस लोटतो, माल त्याच्या आत पाहिजे म्हणाला.

चूक झाली ती इथं. अष्टमीच्या दिवशी माऊलीनं सगळी पाती, चाळीसेक असतील, लाल करून तेलातून काढली. आता दुसरी आच द्यायची. त्यासाठी त्याच्याकडं विजेवर चालणारी भट्टी आहे, एका बेकरीकडून जुनी घेतलेली. आणि नेमकी लाइट गेली. ती येईपर्यंत नवमी उजाडली होती, म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. माऊलीच्या आईनं, उषाबाईनं, हातोडा, ऐरण, चिमटे यांच्या शेजारी ती कच्ची पातीही ओळीनं मांडून पुजली. भट्टीला हार घातला.

माऊली दोनतीनदा पाटाजवळ जाऊन आला. कारखान्यातला फोरमन ओरडायचा ते त्याला आठवत होतं. तेलातून काढलेलं पोलाद ताटकळत ठेवू नका, ते आतल्या आत ताणतं आणि तडकतं. कारखान्यातही खंडेनवमी व्हायची, पण आदल्या दिवशी सगळं आवरून भट्ट्या रिकाम्या करत. अर्धवट माल पूजेला कुणी मांडत नसे. आईला तो म्हणाला, नुसतं भट्टीत ठेवून बटण दाबतो. उषाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढं तोंड उघडलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी भट्टी पेटवायची त्याचीही छाती नव्हती. काळजी करणाऱ्या माणसाला देवाचीही काळजी असते.

दसऱ्याच्या दुपारी, सोनं वाटून झाल्यावर, त्यानं पाती भट्टीत घातली. निवल्यावर एकेक दोरीला टांगून टिचकी मारून वाजवलं. खणखणीत वाजली. जीव भांड्यात पडला. मग मुठी, मग धार, आणि चतुर्थीच्या आधी माल दुकानात.

चतुर्थीला काय विचारता. दर्शन घेऊन बाहेर पडणारा माणूस सुरी हातात घेऊन बघूनच पुढं जात होता. घेणारी गावचीच. बाहेरची म्हणाल तर डोंगराकडच्या धावड्याहून एक जीपभर माणसं आल्ती, त्यातल्या एकीनं घेतली आणि तिचं बघून सगळ्या जीपनं घेतली. माऊली दुकानाच्या पायरीवर उभा राहून जो घेईल त्याला सांगत होता, पाठीवर बिनघोर दगड हाणा, काही होत नाही. श्रेयांस हसत होता. माऊलीही हसला, आणि हे त्याच्या बाबतीत फार होत नाही.

एक सुरी त्यानं घरी ठेवून घेतली होती. दिवाळी तोंडावर आली होती, उषाबाईला देवीचा नारळ फोडायचा होता. हाताशी होती म्हणून तिनं तीच सुरी उलटी धरली आणि नारळावर पाठ हाणली. नारळ जसाच्या तसा राहिला आणि पात्याचा पुढचा निम्मा भाग तिच्या पायाशी पडला. उषाबाईला लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, नारळ फुटंना तर रानात काय दिवे लावणार ही, आणि वरवंटा आणायला आत गेली.

माऊलीनं तुकडा उचलला आणि अंगणात उन्हात नेला. मोडलेली जागा राखाडी, बारीक रव्यासारखी. चांगलं पोलाद असंच मोडतं. पण धारेकडच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढा एक डाग होता, तपकिरी आणि कडेनं निळसर. पोलादाला असा रंग फक्त आचेवर चढतो. म्हणजे दसऱ्याला दुसरी आच दिली तेव्हा तिथं भेग उघडी होती आणि आच तिच्यात शिरली होती. हे पातं खंडेनवमीला पाटावरच, झेंडूच्या फुलांखाली, गुपचूप तडकलं होतं. आणि त्याच पाटावर बाकीची सगळी होती.

तो पायरीवर बसला. किती तडकली असतील? एक? दहा? कुणाच्या हातात असतील आता? पातं मोडून बोटावर आलं तर, उडून डोळ्यात गेलं तर? आणि दगड हाणा असं सांगत उभा कोण होता? जन्मभर त्यानं न झालेल्या गोष्टींची काळजी केली होती. ही एक खरी होती, आणि ती त्यानं स्वतः घडवून, धार लावून, मूठ बसवून लोकांच्या हातात दिल्ती.

श्रेयांसला आधी ते पटेना. एक मोडली म्हणून सगळ्यांना कशाला घाबरवायचं, कुणाची तक्रार आली नाही, दिवाळीत दुकानाचं नाव खराब होईल, असं त्याचं चाललं होतं. माऊलीनं मोडलेला तुकडा गल्ल्यावर ठेवला.

"तक्रार घेऊन येणारा माणूस कसा येईल, सांग," तो म्हणाला. "हात बांधून येईल."

आत बसलेले गौतमचंदशेठ उठून बाहेर आले. त्यांनी तुकड्याकडं बघितलं, मुलाकडं बघितलं आणि दुकानात उरलेल्या सुऱ्या स्वतः उचलून माऊलीसमोर ठेवल्या. मग श्रेयांसही कामाला लागला. राजूरमधल्या ज्यांनी घेतल्या होत्या त्यांची घरं त्याला माहीत होती, त्या संध्याकाळपर्यंत परत आल्या. उरली धावड्याची जीप. तिचा ड्रायव्हर बबलू श्रेयांसच्या ओळखीचा. फोन करून ठेवतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माऊली धावड्याच्या वाटेला लागला. पिशवीत डिझेलची बाटली आणि खडू. भेग डोळ्याला दिसत नाही, पण डिझेल तिच्यात शिरतं. पातं पुसून वर खडूची भुकटी फासली की आतलं डिझेल पाझरून बारीक काळी रेघ उमटते. हे कारखान्यात त्यानं शेकडो वेळा केलं होतं. मग शेडवर का केलं नाही? चतुर्थीच्या घाईत का केलं नाही? भोकरदन मागं पडलं तरी तो स्वतःला हेच विचारत होता. रस्त्याच्या कडेला कुणी बाई झाडाचा पाला तोडताना दिसली की त्याची गाडी आपोआप हळू व्हायची.

बबलूनं मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुकारा केला की राजूरचे सुरीवाले आलेत, ज्यांनी चतुर्थीला सुरी घेतली त्यांनी घेऊन या. माणसं आली, पण सुरी काही कुणी सोडेना. लई भारी सुरी आहे, परत कशाला मागून राह्यले? एकाला वाटलं भाव वाढवायचा असेल. संपत नावाच्या एका म्हाताऱ्यानं तर सुरी धोतरात खोचून घेतली आणि आपण काय देत नसतो म्हणून सांगितलं. आपल्याच वस्तूची निंदा करत उभं राहायचं आणि लोकांनी तिची तारीफ करायची, असं माऊलीच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

शेवटी तो देवळाच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, देऊ नका, नुसतं बघू द्या. पहिल्या चारपाच सुऱ्यांवर काही उमटलं नाही. लोक हसायला लागले. बबलूनं चहा सांगितला. मग संपतबाबांनी सगळ्यांचं बघून आपली पुढं केली. माऊलीनं डिझेल लावलं, पुसलं, खडू फासला. सगळे वाकून बघत होते. पांढऱ्या भुकटीत धारेपासून वर पाठीकडं जाणारी, केसासारखी एक रेघ हळूहळू काळी होत गेली.

संपतबाबा म्हणाले, "काल मी हिच्यानं बाभळ फोडली."

कुणी हसलं नाही. त्यानंतर सांगावं लागलं नाही. ज्याची त्यानं आपली आणून ओट्यावर ठेवली, रेघ न उमटलेल्यांनीही. मुठीखालचं दिसत नाही, सगळ्या बदलून नव्या देतो, असं माऊलीनं कबूल केलं. आणखी एकीवर रेघ निघाली. संपतबाबांची धरून दोन. माऊलीच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. जीपमधल्या सगळ्यांच्या आल्या का, म्हणून त्यानं बबलूला विचारलं.

एक सोडून सगळ्या, बबलू म्हणाला. दैवशालाची तेवढी राहिली, पण ती कशाला धरता. जीपमध्ये सगळ्यात आधी तिनंच घेतल्ती आणि तिसऱ्या दिवशी मोडून बी ठेवली. हात कापून घेतला ते वेगळंच. बाईचा हातच तसा, लोखंड टिकत नाही तिच्याकडं. आता मात्र माणसं हसली, कारण ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. माऊली ओट्यावरून उठला. कुठं आहे ती, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

डोंगराच्या पायथ्याशी दैवशाला शेळ्या राखत होती. पस्तिशीची असेल. उजव्या हाताला मळकं फडकं बांधलेलं, काठी डाव्या हातात. बबलूनं लांबूनच ओरडून सांगितलं, हे सुरी करणारे, राजूरचे. तर ती गडबडीनं उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि माऊली काही बोलायच्या आधी तिनंच सुरुवात केली.

"भाऊ, तुमची वस्तू चांगली होती. माझ्याच हातनं मोडली. बोरीच्या फांदीवर ठेवून दगड घातला. सगळे म्हणतात, जोरातच बसला असंल."

कमरेचं म्यान काढून तिनं त्याच्या हातात दिलं. आत मोडकी सुरी होती. अर्ध्या पात्यावर ती अजून दोऱ्या कापत होती. माऊलीनं ती उन्हात धरली. डाग होता. आईच्या सुरीतल्यापेक्षा मोठा, मोडलेल्या जागेच्या जवळजवळ निम्म्यावर पसरलेला. हिला मोडायला जोराचा दगड लागलाच नसता.

हात कसा आहे ते त्यानं विचारलं. भोकरदनला टाके घातले, ती म्हणाली. एक बोट भरून आलं, दुसरं वळत नाही, डॉक्टर म्हणाले वळेल किंवा न्हाई वळणार. असं सांगताना ती बोटाकडं बघत नव्हती, वाट चुकलेल्या एका करडाकडं बघत होती. माऊलीला तिथं उभं राहवेना आणि जाताही येईना. हीच ती गोष्ट. ही होऊ नये म्हणून तो कालपासून धडपडत होता, आणि ती त्याला कळायच्या कितीतरी आधीच होऊन गेल्ती.

"दगड घालायसाठीच केल्ती ती," तो म्हणाला. "तुमची बिलकुल चूक न्हाई. पातं आधीच तडकलेलं होतं. मी तडकलेलं दिलं तुम्हाला."

मग त्यानं सगळं सांगितलं. लाइट गेल्याचं, खंडेनवमीचं, पाटावर मांडलेल्या पात्यांचं. डाग दाखवला आणि तो कशानं पडतो तेही सांगितलं. बबलूचं हसू केव्हाच गेलं होतं, तो बाजूला होऊन करडू वळवायला लागला. दवाखान्याचं सगळं मी बघतो, नवी सुरी देतो, तुम्ही म्हणाल ते करतो, असं माऊली बोलत राहिला. गप्प बसायची त्याला भीती वाटत होती.

दैवशालानं सगळं ऐकून घेतलं. मोडकी सुरी त्याच्या हातातून घेऊन तिनं तो डाग स्वतः एकदा बघितला, अंगठ्यानं पुसून बघितला. तो पुसला गेला नाही.

"ते सगळं बघू मंग," ती म्हणाली. "आधी माझ्या घरी चला. आता मला जे सांगितलं, ते तिथं सांगा. सासूबाईंसमोर."

माऊलीनं आयुष्यभर परक्या घराचा उंबरा भीत भीत ओलांडला आहे. पण तिनं काठी बबलूच्या हातात दिली, शेळ्या त्याच्यावर सोडल्या आणि ती पुढं चालायला लागली. पाठीमागं बघितलंही नाही. तो निमूट मागून गेला.

सासू अंगणात सूप घेऊन सोयाबीन पाखडत होती. पाहुणा बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि चहा टाक म्हणून सुनेला सांगितलं. वर हेही म्हणाली, कप धड धर, न्हाईतर तो बी फोडशील. माऊली बसला नाही. चहाच्या आधी एक सांगायचंय, म्हणाला, आणि उभ्यानंच बोलला. सुरीत खोट होती. ती मी केली होती. कुणाच्याही हातात ती मोडलीच असती, लहान पोराच्याही. ह्यांच्या हाताचा काही दोष नाही. त्यानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

म्हातारीनं सुनेच्या हाताकडं बघितलं. फडकं अजून ओलं होतं, सकाळी त्याच हातानं धुणं धुतलेलं.

"अगं मंग सांगायचं न्हाई का," ती हळूच म्हणाली, "की दगड हलकाच मारला होता म्हणून?"

"सांगितलं होतं," दैवशाला म्हणाली, आणि डाव्या हातानं पातेलं उचलून चुलीकडं गेली.